पाण्यात गेलेली पाकिटं

"वहिनी, तो तिकिटांचा अल्बम विकून टाकूया का?" गेल्या वर्षी वन्संनी विचारलं. त्यांच्या लेकीची वसतिगृहाची फी भरायची होती, आणि जुनं तिकीट लाखांना जातं असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

तसं ते खोटं नाही हं! १९४८ सालची गांधीजींची दहा रुपयांची तिकिटं, त्यावर 'सर्व्हिस' असा छाप. अशा चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना गेली. पण ती सरकारी वापरासाठी मोजकीच काढलेली. आमच्या अल्बममधली होती आजेसासऱ्यांच्या पत्रांवरची, निजामाच्या काळातली. आपलं भोकरदन १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं ना! संस्थानाची तिकिटं वेगळी असत. १९३१ पासूनच्या मालिकेत एक आण्यावर चारमिनार, तर आठ आण्यांवर आपल्या शेजारच्या अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार.

अल्बम घेऊन आम्ही दोघी छत्रपती संभाजीनगरला एका व्यापाऱ्याकडे गेलो. त्यांनी पानं चाळली. म्हणाले, "ताई, नुसत्या तिकिटांचे फार येणार नाहीत. यांची पाकिटं कुठे आहेत? गावाचा शिक्का, तारीख, पत्ता असं अख्खं पाकीट असेल तर गिऱ्हाईक मिळतं. भोकरदनसारख्या लहान गावाचा शिक्का सहज सापडत नाही."

मी गप्पच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या आवराआवरीत ती पाकिटं मीच परातीत भिजत घातली होती! तिकिटं सुटली, शाई विरघळली, कागदाचा लगदा उकिरड्यावर गेला. वन्सं एका शब्दाने बोलल्या नाहीत; तेच जास्त लागलं. फी शेवटी भिशीतून भागवली. अल्बम घरीच आहे.

तेव्हापासून मी या बाजाराची थोडी माहिती करून घेतली. १९७०-८० च्या दशकांतली बहुतेक तिकिटं लाखांनी छापली गेली आणि लोकांनी जपूनही ठेवली. म्हणून त्यांना भाव नाही. सूचीपुस्तकात छापलेली किंमत व्यापारी देत नसतो. दातेरी कडा तुटली, मागचा डिंक गेला, की किंमत आणखी उतरते. तेव्हा पैशासाठी हा छंद नकोच.

पण मुलांसाठी तो अजूनही छान आहे. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी येणाऱ्या पाकिटांवर आता तिकिटाऐवजी पट्ट्यापट्ट्यांचं लेबल असतं. म्हणजे पूर्वी फुकट मिळणारी तिकिटं आता विकत घ्यावी लागतात. टपाल खात्यात २०० रुपये भरून तिकीटसंग्राहकाचं खातं उघडलं, की नवी तिकिटं घरपोच येतात. शिवाय सहावी ते नववीच्या संग्राहक मुलांसाठी २०१७ पासून 'स्पर्श' शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ६,००० रुपयांची. चांगले गुण हवेत आणि निवडही होते, पण शाळेत चौकशी जरूर करा.

नेहमीच्या पाकिटावरचं तिकीट काढायचं, तर भोवतीच्या कागदासकट कापा, साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि टीपकागदावर पालथं वाळवा. बोटांऐवजी चिमटा वापरा. अल्बम कोरड्या जागी उभा ठेवा.

आणि माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची पत्रं असली, तर मैत्रिणींनो, परात मात्र काढू नका. पाकिटं आहेत तशीच जपा!