गोटा गोल, पण नदीचा कशावरून?

दगड गोल दिसला की तो नदीतला, असा आपला सरळ हिशेब असतो. महाराष्ट्रात तो अनेकदा चुकतो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला की मुरमात रुतलेले गोल काळे धोंडे उघडे पडतात, आणि ते कुठल्याही नदीने आणलेले नसतात. लाव्हा थंड होताना बेसॉल्टला भेगा पडतात. त्यांतून मुरणारे पाणी खडकातली खनिजे कुजवते. सपाट बाजूवर हे काम एकाच दिशेने चालते, कोपऱ्यावर मात्र तीन दिशांनी. म्हणून कोपरे आधी जातात, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत गोल गाभा उरतो, तोही जागच्या जागी.

नदीची रीत वेगळी आहे. पाणी दगड झिजवते हे अर्धेच खरे. पाणी फक्त दगड हलवते, झिजवतो तो दुसरा दगड आणि वाळू. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे हे त्याचे ठळक उदाहरण. भोवऱ्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी तिथे अखंड कातळ कोरला आहे. वाहत्या तुकड्याचा कोपरा सर्वांत पुढे आलेला, त्यामुळे मार त्यालाच बसतो. पोर्टो रिकोतल्या मामेयेस नदीवरील, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दोन टप्प्यांत दिसले: आधी कडा झिजतात आणि लांबी-रुंदी जवळपास तशीच राहते, सगळे कोपरे गेल्यावर मगच गोटा हळूहळू लहान होतो.

यावर रास्त शंका अशी, की डोंगरातला गोल गाभाच ओढ्यात घरंगळला तर? तसे घडतेच. म्हणून एकट्या दगडाच्या आकारावर निकाल देऊ नये. गाभ्याची साल खरबरीत, तांबूस, नखाने सुटणारी असते. नदीच्या गोट्याची कांती घट्ट आणि एकसारखी असते. त्याहून भक्कम पुरावा शेजाऱ्यांचा. पुराने टाकलेल्या थरात चपटे गोटे पत्त्यांसारखे एकमेकांवर रेललेले आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूला कललेले असतात. बेसॉल्टच्या प्रदेशात, जवळपास क्वार्टझाइटचा खडक नसताना, त्याचा गोटा सापडला तर त्याने प्रवास केला हे उघड आहे. मंगळावर 2012 मध्ये क्युरिऑसिटी यानाला गोलसर खडे दिसले, तेव्हा शास्त्रज्ञांनीही निव्वळ गोलाई पाहिली नाही. ते खडे वाऱ्याने वाहून नेण्याजोगे नव्हते, इतके मोठे होते, आणि वाळूत घट्ट बांधलेल्या थरात बसले होते. त्यावरून तिथे एके काळी ओढा वाहत होता असे ठरले.

तेव्हा नदीकाठी गोटा आवडला, तर उचलण्याआधी तो कसा आणि कोणाशेजारी पडला आहे, ते नीट पाहून घ्या.