एलईडीच्या पोटातली उष्णता

एलईडी दिव्याचा प्रकाश थंड वाटतो, पण आतली चिप तापतेच. आणि दिव्याचं आयुष्य बऱ्याच अंशी तिच्या तापमानावर ठरतं. ती लेन्सखाली झाकलेली असल्याने तिथे थर्मामीटर पोहोचत नाही. यावरचा उपाय फार सुंदर आहे: एलईडीलाच थर्मामीटर करायचं! ठरावीक विद्युतप्रवाहाला चिप तापली की तिच्यावरचा व्होल्टेज घटतो, साधारणपणे दर अंशाला एक ते काही मिलिव्होल्ट. आधी नियंत्रित भट्टीत, क्षणभर अगदी छोटा प्रवाह सोडून, वेगवेगळ्या तापमानांचे व्होल्टेज नोंदवतात. मग दिवा नेहमीसारखा चालवून तापू देतात, झटकन त्याच छोट्या प्रवाहावर आणतात, व्होल्टेज वाचतात आणि आधीच्या नोंदींवरून चिपचं तापमान काढतात. इथे उशीर चालत नाही; चिप क्षणार्धात निवू लागते. नुसतं बाहेरचं आवरण मोजून आतल्या तापमानाचा भरवसा धरू नये.