म्हसव्याचा वड: एक झाड की राई?

सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यातले म्हसवे हे वैराटगडाच्या पायथ्याचे गाव ‘वडाचे म्हसवे’ म्हणूनच ओळखले जाते. तिथल्या वडाची मापे ली-वॉर्नर या इंग्रज अधिकाऱ्याने 1882 मध्ये नोंदवली: घेर 1587 फूट, दक्षिणोत्तर 595 फूट, पूर्व-पश्चिम 442 फूट. या हिशेबाने वडाखालची जमीन पावणेपाच एकरांच्या आसपास भरते.

1587 फूट हा बुंध्याचा घेर, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो फांद्यांच्या शेवटच्या टोकांनी धरलेल्या साऱ्या विस्ताराचा घेर आहे. कॅलिफोर्नियाच्या सिकोया राष्ट्रीय उद्यानातला ‘जनरल शेरमन’ हा सिकोया सर्वांत मोठा वृक्ष ठरतो तो त्याच्या एकाच खोडातल्या लाकडामुळे: सुमारे 1487 घनमीटर, आणि उंची जवळपास 84 मीटर. वड उंचीत त्याच्या जवळपासही जात नाही. तो आडवा वाढतो, त्यामुळे एकाच मापाने दोघांना जोखणे चुकीचे.

पारंब्यांना फांद्या समजणे ही दुसरी चूक. पारंबी हे मूळ आहे. कोवळी असताना ती सुतळीसारखी लोंबते, टोकाशी फिकट आणि मऊ असते. जमिनीत शिरली की ती जाड होत जाते आणि काही वर्षांत फांदीखाली खांब उभा राहतो. हा खांब फांदीला टेकू देतो, पाणीही पुरवतो. पाराभोवती स्वच्छता हवी, रस्त्याला अडचण नको, म्हणून पारंब्या सर्रास छाटल्या जातात. असे करणे म्हणजे झाडाचे उद्याचे पाय तोडणे आहे. फांदी लांबतच राहते आणि एक दिवस स्वतःच्या भाराने मोडते.

मूळ खोड गेले म्हणजे वड संपला, हेही खरे नाही. हावड्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे बुरशीने कुजलेले मूळ खोड 1925 मध्ये काढून टाकावे लागले. ते झाड आजही पारंब्यांच्या खोडांवर वाढते आहे.

वय सांगणे अवघड आहे, त्याचे कारणही हेच. सिकोयाची वर्षवलये मोजता येतात. वडात ती स्पष्ट नसतात, त्यात अनेक खोडे एकमेकांत मिसळलेली. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या भोसे इथला, महामार्गाच्या वाटेत येणारा वड वाचवण्यासाठी 2020 मध्ये लोकांनी आवाज उठवला आणि महामार्गाच्या आखणीत बदल झाला. 2022 मध्ये तो वड कोसळला. त्याचे 400 वर्षे हे वय परंपरेने चालत आलेला अंदाज होता. वडाची थोरवी अशा आकड्यावर अवलंबून नाही.

वड रात्री ऑक्सिजन देतो, हा समज तर घरोघरी आहे. प्रकाशाशिवाय ऑक्सिजन तयार होत नाही. रात्री इतर झाडांप्रमाणे वडही कार्बन डायऑक्साइडच सोडतो.

वडाला फूल येत नाही, असेही म्हणतात. लाल फळ मधोमध चिरले तर आत शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली दिसतात. फळाच्या तोंडाशी सूक्ष्म छिद्र असते. त्यातून मुंगीहून लहान, गांधीलमाशीच्या गोतावळ्यातला एक कीटक आत शिरतो आणि परागीभवन करतो. तो आला नाही तर फळात बी धरत नाही. मग पक्ष्यांकडून दूरवर पोचायला काहीच उरत नाही, आणि वड पसरतो तो फक्त पारंब्यांनी, आहे त्याच जागी.