अल्पखर्चात युरोप: दोघांच्या प्रवासाचा बेत

युरोपहून आल्यापासून गावात जो भेटतो तो आम्हांला एकच प्रश्न विचारतो, "खर्च किती आला?" प्रश्न रास्त आहे. बीड जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने पैशाचा प्रश्न आधी विचारावा यात लाजण्यासारखे काही नाही. तेव्हा उत्तर आरंभीच देऊन टाकतो. एकोणीस रात्रींच्या प्रवासास माणशी सुमारे एक लाख पंचावन्न हजार रुपये लागले. त्यांत विमानाचे जाण्यायेण्याचे भाडे अठ्ठावन्न हजार, व्हिसा व विमा मिळून बारा हजारांच्या आत, आणि उरलेले सर्व तिथले राहणे, खाणे व फिरणे. मे २०२४ मध्ये युरो सुमारे ९० रुपयांना होता आणि रोजचा आमचा माणशी पन्नास युरोंचा नियम होता, म्हणजे हिशेब ज्याचा त्याला ताडून पाहता येईल.

मात्र या आकड्यात एक रक्कम धरलेली नाही. ती २०२३ साली बुडाली, आणि आजचे आमचे सगळे सांगणे त्या बुडालेल्या रकमेपासून सुरू होते.

आम्ही माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. पस्तीस वर्षे फळ्यावर ऱ्हाईन नदी काढली, ती एकदा डोळ्यांनी पाहावी एवढीच इच्छा. बरोबरचे स्नेही आमचे बालमित्र, केज तालुक्यातले शेतकरी. सोयाबीन, कापूस, पाणी असेल त्या वर्षी ऊस. दोघांनी मिळून बेत केला, पुस्तके वाचली, नकाशे पाहिले, आणि विमानाची तिकिटे स्वस्त मिळाली म्हणून परत न होणारी तिकिटे घेऊन ठेवली. मग व्हिसाचा अर्ज केला. आम्हांला व्हिसा मिळाला. मित्राला नाकारला.

हे कसे झाले ते नीट समजून घेतले पाहिजे. युरोपातील २९ देशांनी आपसातल्या सीमांवरची तपासणी सोडून दिली आहे. त्यांच्यासाठी एकच व्हिसा चालतो. त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत तेथे राहता येते. इंग्लंड व आयर्लंड यांत नाहीत. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहावयाचे त्याच्याकडे अर्ज करावयाचा; दिवस सारखे असतील तर ज्या देशात प्रथम पाऊल ठेवणार त्याच्याकडे. अर्ज सहा महिन्यांहून आधी करता येत नाही आणि निर्णयास साधारण पंधरा दिवस लागतात, कधी पंचेचाळीसही. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा हवा. शुल्क आमच्या वेळी ८० युरो होते, ११ जून २०२४ पासून ९० झाले. अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. हे सारे आम्हांला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की, दोन मित्रांचा बेत एक असला तरी अर्ज दोन असतात आणि ते दोन निरनिराळ्या माणसांचे म्हणून तपासले जातात.

आमचे पेन्शन दरमहा एका ठरावीक तारखेस बँकेत पडते. मित्राचे खाते वर्षभर जवळजवळ कोरडे. कापसाचे पैसे व्यापाऱ्याकडून रोख आले ते घरच्या पेटीत राहिले, आणि अर्जाआधी पंधरा दिवस एकदम साडेतीन लाख रुपये खात्यात भरले. आपल्याकडे यात कोणाला काही वावगे वाटणार नाही. परंतु परदेशी वकिलातीतला अधिकारी ते पासबुक पाहतो तेव्हा त्याला एवढेच दिसते की, याच्याजवळ काही नव्हते आणि अचानक कोणीतरी उसने दिले. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रही भरलेले नव्हते. नकाराचा कागद छापील असतो. त्यावर कारणे क्रमाने दिलेली असून लागू असेल तेथे खूण करतात. मित्राच्या कागदावर दोन खुणा होत्या. एक पैशाविषयी. दुसरी अशी की, मुदतीत परत जाण्याचा आपला इरादा असल्याबद्दल शंका वाटते.

ही दुसरी खूण वाचून दाखवली तेव्हा मित्र बराच वेळ हसले. "तिथं राहून मी करणार काय? आन् हितं म्हशीची धार कोण काढणार?" हसणे संपल्यावर मात्र ते चार दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

तिकिटांचे पैसे बुडाले. वकिलाती स्वतःच सांगतात की व्हिसा हाती येईपर्यंत तिकीट विकत घेऊ नका, नुसते आरक्षण दाखवा. ते आम्ही वाचलेही होते. स्वस्ताईने आमची मती फिरवली. आम्ही एकट्याने जावे असे घरचे म्हणत होते. गेलो नाही. त्यात त्याग वगैरे काही नव्हता; एकट्याने जाण्याचे धैर्य नव्हते, हे कबूल करून मोकळे होतो.

पुढच्या खेपेस काय करावे याचा विचार सुरू झाला तेव्हा आम्ही सुचवले की, मित्राच्या खर्चाची हमी आमच्या पेन्शनवर द्यावी. नियमात तशी सोय आहे. त्यावर मिळालेले उत्तर असे: "मास्तर, माझ्या नावावर अकरा एकर रान हाय. तुमच्या पेन्शनीवर मी कशाला जाऊ?" विषय तेथेच संपला, आणि आमचा बेत करण्याचा क्रमही त्या दिवशी उलटा झाला. आधी देश, मग शहरे, मग कागद असा आमचा क्रम होता. आता आधी मित्राचे कागद, त्यांतून निघणाऱ्या तारखा, आणि त्या तारखांत बसेल तेवढा युरोप.

वर्षभर पैसा जसा आला तसा बँकेतून गेला. सोयाबीनच्या आडत्याच्या पट्ट्या जपून ठेवल्या, कारखान्याचे ऊसबिल खात्यातच जमा होते. कर लागत नसला तरी शेतीचे उत्पन्न दाखवून आयकराचे विवरणपत्र भरले. सातबारा व आठ-अ यांचे इंग्रजी भाषांतर करून घेतले. या सर्वांवर आम्ही एक पानाचे पत्र लिहिले. खरीप म्हणजे काय, रब्बी म्हणजे काय, अमुक महिन्यात पैसा का येतो आणि अमुक महिन्यात का येत नाही, हे भूगोलाच्या मास्तराने आठवीच्या वर्गाला सांगावे तसे त्यात सांगितले. शेवटी लिहिले की, ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते, त्याच्या आगेमागे पेरणीची तयारी असते, आणि अर्जदाराला त्याआधी घरी पोहोचणे भाग आहे. परत येण्याचा इरादा याहून निराळा कसा सिद्ध करतात ते आम्हांला माहीत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा अर्ज केला. दोघांनाही व्हिसा मिळाला.

येथे एक जुनी हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. १ जून १९६२ रोजी दिल्लीस गांधीजींच्या समाधीपासून सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण मित्र अण्वस्त्रांच्या विरोधात जगयात्रेला पायी निघाले. निघण्यापूर्वी ते विनोबांना भेटले. विनोबांनी सांगितले, बरोबर पैसा घेऊ नका. त्यांनी घेतला नाही. समुद्र तेवढे बोटीने ओलांडून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या चार राजधान्या त्यांनी गाठल्या. कमी खर्चाच्या प्रवासाचा याहून मोठा दाखला मिळावयाचा नाही. आज मात्र तसे निघता येणार नाही. ज्याला काहीच खर्च करावयाचा नाही त्यालाही खर्चाची ऐपत आधी कागदावर दाखवावी लागते. उलट एक गोष्ट सोपी झाली आहे. एके काळी परदेशी जाणाऱ्याच्या हाती सरकार आठ डॉलर ठेवीत असे. आता वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी धाडता येतात. आमच्या खात्यांना त्या मर्यादेचे भय नव्हते.

मित्राने आणखी एक अट घातली होती. १३ मे रोजी बीडचे लोकसभेचे मतदान होते. मतदान केल्याशिवाय निघावयाचे नाही. म्हणून १४ला एस. टी. ने मुंबई आणि १५ला विमान. तेव्हा बीडला रेल्वे नव्हती. अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी येऊ लागली ती १७ सप्टेंबर २०२५ पासून. बोटावरच्या शाईकडे पाहून जर्मनीत एका मुलाने ही कसली जखम असे विचारले, तेव्हा मित्राने ती समजावून सांगण्याचे काम आमच्यावर सोपवले.

सामानाविषयी पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले असते. आम्ही ते वाचून चौदा किलोंची पिशवी भरली. मित्राने ती हाताने उचलून पाहिली आणि म्हणाले, "एवढं वझं घेऊन कुठं निघालाव, मास्तर?" त्यांच्या गावातून दरसाल दसरा-दिवाळीनंतर कोयत्याची बिऱ्हाडे कारखान्यांकडे निघतात. सहा महिन्यांचा संसार एका गाडीत: पीठ, मीठ, ताडपत्री, तवा, अंथरूण, पोरे. पहिल्या मुक्कामाला जे लागणार नाही ते त्या गाडीत नसते. ती माणसे उचल फेडावयास जातात, आम्ही मौजेला निघालो होतो. दोन्ही प्रवास एका मापाने मोजण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पण ओझ्याची अक्कल ज्यांना आहे त्यांच्याकडूनच ती घ्यावी. पिशवी साडेसहा किलोंवर आली. खाण्याचे म्हणाल तर दूध-मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. पेढे, तूप गेलेच, आणि पीठ दुधात भिजवलेले म्हणून दशम्याही राहिल्या. शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे आणि सातूचे पीठ यांवर आमच्या न्याहाऱ्या झाल्या.

राहण्याला आम्ही यूथ होस्टेले निवडली. एका खोलीत सहा-आठ खाटा, खाली सामाईक स्वयंपाकघर. ही कल्पना रिखार्ड शिरमान नावाच्या जर्मन शाळामास्तराची. १९०९ साली मुलांची पायी सहल घेऊन जाताना तो वादळात सापडला, आणि सर्वांनी एका गावच्या शाळेत रात्र काढली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा प्रवासी मुलांना का देऊ नयेत असे त्याच्या मनात आले. १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिले कायमचे होस्टेल उघडले. तो किल्ला आम्ही मुद्दाम पाहिला. एका शाळामास्तराचे घर पाहावयास दुसऱ्याने जाऊ नये तर कोणी जावे? आपल्या यूथ होस्टेल असोसिएशनचे सभासदत्व अशा होस्टेलांत चालते. खोलीतल्या घोरण्याबद्दल मात्र कोणी तक्रार करू नये. बहुधा आमचेच असे.

रेल्वेचा युरेल पास १९५९पासून आहे, त्याचे नावही मोठे आहे. परंतु फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचे पैसे निराळे पडतात. आम्हांला घाई नव्हती. जर्मनीत महिन्याभराचे एक तिकीट मिळते, त्यावर वेगवान गाड्या सोडून देशभर हिंडता येते. आम्ही गेलो तेव्हा ते ४९ युरोंना होते, २०२६पासून ६३ झाले आहे. पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात, म्हणून ते वेळेत बंद करावे. लक्झेंबुर्ग देशात तर २०२०पासून गाडी, बस सगळे फुकट. फुकटच्या बसने आम्ही मोझेल नदीकाठच्या शेंगेन या खेड्यात गेलो. १४ जून १९८५ रोजी येथेच, नदीतल्या एका बोटीवर, पाच देशांनी सीमा मोकळ्या करण्याच्या करारावर सह्या केल्या. समोर एका बाजूला फ्रान्स, एका बाजूला जर्मनी, चोहीकडे द्राक्षांचे मळे. ज्याच्या नावाच्या कागदाने एक वर्ष खाल्ले ते गाव मित्राने शांतपणे पाहिले आणि द्राक्षांना पाणी कसे देतात ते विचारले.

भांडण एकदाच झाले, व्हिएन्नात. आम्हांला संगीताचा कार्यक्रम ऐकावयाचा होता, तिकीट चाळीस युरो. नियम असा ठरला होता की, दोघांतल्या ज्याला खर्च जड वाटेल त्याचा शब्द शेवटचा. आम्ही तो मोडू पाहिला. मित्राने पैसे दिलेही, पण दोन दिवस एका पावावर काढले, आणि ते आम्हांला तिसऱ्या दिवशी कळले. त्यानंतर सामाईक पिशवी मित्राकडे राहिली.

रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, सुमारे अडीच हजार. त्यांची तोटी नाकासारखी म्हणून तेथील लोक त्यांना नाझोनी म्हणतात. पाणी पिण्याचे, थंड, आणि रात्रंदिवस वाहते. पाण्याच्या बाटल्यांचा आमचा खर्च त्यामुळे शून्य झाला. पण मित्राला ते बघवेना. बंद करण्याची चावी शोधली, सापडली नाही, म्हणून त्यांनी तोटीवर अंगठा दाबून धरला. तोटीच्या वरच्या अंगाला एक भोक असते, त्यातून पाण्याची धार उंच उडाली आणि त्यांच्या तोंडावर आली. वाकावे न लागता पिता यावे म्हणून ती सोय आहे. भोवतालची मुले हसली. मित्रही हसले. मग ते त्या नळापाशी बराच वेळ उभे राहिले. गावाला त्या आठवड्यात टँकर किती दिवसांआड येत होता ते आम्ही विचारले नाही.

४ जूनला परत पोहोचलो. त्या दिवशी मतमोजणी होती, बीडची तर रात्री उशिरापर्यंत चालली. स्टँडवर, हॉटेलात, घरात सगळे आकड्यांत गुंतलेले. युरोपचे कोणी विचारले नाही. मित्राने मुलाला एवढेच विचारले, "पाऊस पडला का?"