बाटलीवर नाव एकाचे, आत पेशी दुसऱ्याच्या!

'कर्करोगावर नवे औषध सापडले' अशी बातमी अधूनमधून आपल्या वाचनात येते. घरात कुणी आजारी असेल तर ती कापून ठेवली जाते, डॉक्टरांनाही दाखवली जाते. अशा औषधाची पहिली परीक्षा बहुधा माणसावर होत नाही. ती होते प्रयोगशाळेत, बाटलीत वाढवलेल्या पेशींवर. पण त्या पेशी भलत्याच अवयवाच्या निघाल्या तर?

२०१० मध्ये नेमके हेच उघडकीस आले. अन्ननलिकेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा अभ्यास जगभर ज्या मोजक्या पेशींवर चालत होता, त्या नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तपासल्या गेल्या. त्यातल्या तीन प्रकारच्या पेशी अन्ननलिकेच्या नव्हत्याच! एक फुप्फुसाच्या, दुसऱ्या मोठ्या आतड्याच्या, तर तिसऱ्या जठराच्या कर्करोगाच्या होत्या. तोवर या पेशींवर शंभराहून अधिक शोधनिबंध लिहिले गेले होते. अमेरिकेत ११ पेटंट घेतली गेली होती. इतकेच नव्हे, त्या निष्कर्षांच्या आधारे रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या होत्या.

विरजणासारखी गोष्ट

हे घडते कसे? आपल्या घरचे विरजण आठवा. कालच्या दह्यातले चमचाभर आजच्या दुधात, आजचे उद्याच्या दुधात. वर्षानुवर्षे तेच विरजण चालते, शेजारीपाजारीही नेतात. प्रयोगशाळेतल्या पेशींचेही तसेच. एका रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेल्या पेशी थोड्या थोड्या नव्या बाटल्यांत घालत राहायचे. अशा पेशींच्या कुळाला 'सेल लाइन' म्हणतात. संशोधक त्या एकमेकांकडून मागून नेतात. मात्र दोन कुळांसाठी एकच नळी वापरली, चिठ्ठी चुकीची लागली, की घोटाळा झालाच. भराभर वाढणाऱ्या पेशी मूळच्या पेशींना पार संपवतात आणि बाटलीवरचे नाव तेवढे जुनेच राहते.

यात सर्वांत गाजल्या त्या 'हेला' पेशी. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून त्या घेतल्या गेल्या. तेही तिला न विचारता. ती त्याच वर्षी, अवघ्या ३१व्या वर्षी गेली. तिच्या पेशी मात्र आजही वाढत आहेत. पोलिओच्या लसीच्या कामात त्यांचा मोठा उपयोग झाला. पण त्या इतक्या जोमदार, की दुसऱ्यांच्या बाटल्यांतही शिरल्या. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिले, की वेगवेगळ्या नावांच्या अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हेलाच आहेत. पुढे वॉल्टर नेल्सन-रीस यांनी अशा फसव्या पेशींच्या याद्याच छापल्या. तरीही बऱ्याच प्रयोगशाळांनी कानाडोळा केला.

ओळख पटवणारी चाचणी

सूक्ष्मदर्शकाखाली नुसते पाहून ही चूक सहसा कळत नाही. त्यासाठी डीएनए तपासावा लागतो. आपल्या डीएनएमध्ये ठराविक जागी काही छोटे तुकडे पुन्हा पुन्हा आलेले असतात. किती वेळा, ते माणसागणिक बदलते. अशा अनेक जागा एकदम तपासल्या की त्या व्यक्तीचा जणू बोटांचा ठसाच मिळतो. हा ठसा त्या सेल लाइनच्या नोंदीतील ठशाशी जुळवायचा. गुन्हेगार ओळखण्यासाठी किंवा पितृत्व ठरवण्यासाठी वापरतात, तीच ही पद्धत. संशोधनाच्या एकूण खर्चापुढे तिचा खर्च किरकोळ असतो.

फसव्या पेशींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आज पाचशेहून अधिक सेल लाइन आहेत. म्हणून मित्राच्या प्रयोगशाळेतून पेशी मागून आणण्यापेक्षा त्या अधिकृत पेशीसंग्रहातून घ्याव्यात आणि कामाच्या आधी व नंतरही तपासाव्यात, असे तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे पुण्याची 'नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स' ही संस्था असा संग्रह जपते आणि देशभरातील संशोधकांना पेशी पुरवते.

वाचकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. औषध दुकानात येण्यापूर्वी रुग्णांवरील चाचण्यांतून त्याला पार पडावेच लागते. पण पायाच चुकला तर वर्षे वाया जातात, पैसा वाया जातो. आणि चाचणीसाठी मोठ्या आशेने पुढे आलेल्या रुग्णाकडे तर वाया घालवायला वेळच नसतो. किराणा आणल्यावर आपण डबा उघडून, वास घेऊन खात्री करतो. माणसाच्या जिवाशी संबंधित पेशींबाबत एवढी काळजी घ्यायलाच हवी, नाही का?