मेणाचा पाय, रिकामा क्रूस

सप्टेंबरात बांद्र्याच्या कॅथलिक मोतमाउली चर्चच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळे विकायला येतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय घेऊन मारियामातेपुढे ठेवतो. नगर भागातल्या जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले प्रॉटेस्टंट चर्च पाहावे, तर तिथे ना मूर्ती, ना मेण. क्रूस असला तर तोही रिकामा, त्यावर येशूची आकृती नाही. बायबल मात्र एकच. कोरीव मूर्ती करून तिला नमन करू नये ही आज्ञाही दोघांना मान्य, फक्त मोजणी वेगळी. रिफॉर्म्ड पंथ तिला स्वतंत्र दुसरी आज्ञा मानतात. कॅथलिक आणि ल्यूथरन ती पहिलीतच धरतात.

पेच खुद्द बायबलातच आहे. मूर्तीला मनाई करणारा देवच कराराच्या कोशावर सोन्याचे करूब बसवायला सांगतो, मोशेला पितळी साप करायला लावतो. पुढे लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्किया राजाने तो फोडून टाकला.

आठव्या शतकात या पेचाने बायझंटाइन साम्राज्य दुभंगले. तिसऱ्या लिओ सम्राटाने प्रतिमांविरुद्ध मोहीम उघडली. ७५४ च्या हिएरिया परिषदेने तिला धर्माचा आधार दिला. इस्तंबूलच्या हागिया आयरीनी चर्चच्या वेदीमागच्या अर्धघुमटीत त्या काळातला कुट्टिमचित्राचा क्रूस आजही आहे. नुसता क्रूस, माणसाचा चेहरा नाही. चिन्ह चालेल, चेहरा नको, अशी ती रेघ होती.

प्रतिमांची बाजू लढवली दमास्कसच्या योहानाने. तो मुस्लिम सत्तेखाली राहत असल्याने सम्राटाचा हात त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. देवाने देह धारण केला, म्हणून त्याचे चित्र काढता येते, असा त्याचा युक्तिवाद. ७८७ च्या निकीया परिषदेने निवाडा दिला: आराधना फक्त देवाची, प्रतिमेला मान, आणि तो मान मूळ व्यक्तीला पोचतो. वाद पुन्हा पेटला आणि ८४३ मध्ये शमला.

सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंटांतल्या रिफॉर्म्ड पंथांनी मान आणि आराधना यांतली ही रेघ पुसली. कॅथलिकांनी १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ती पुन्हा ठळक केली: प्रतिमेत दैवी शक्ती आहे म्हणून तिला मान द्यायचा नाही, तसे पूर्वीचे मूर्तिपूजक करीत. ऑगस्ट १५६६ मध्ये अँटवर्पच्या मेरीमातेच्या चर्चमधल्या मूर्ती जमावाने फोडल्या. आणि १५६७ मध्ये गोव्याच्या सालसेतमध्ये पोर्तुगीजांनी शेकडो देवळे पाडली. युरोपात ज्यांच्या मूर्ती फुटत होत्या, ते इथे फोडणारे होते. त्या दशकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा नदीपार फोंड्याच्या बाजूला गेली, तेव्हाच्या आदिलशाही मुलखात.

आपल्या प्रतिमेसाठी चर्चने मान आणि आराधना यांत इतकी बारीक रेघ ओढली, पण दुसऱ्याच्या मूर्तीपुढे ती ओढून पाहिली नाही. हिंदू श्रद्धा ट्रेंटच्या चौकटीत बसत नाही हे खरे. प्राणप्रतिष्ठेने देवाचे सान्निध्य मूर्तीत येते असे ती मानते. पण नुसती माती म्हणजे देव, असेही ती म्हणत नाही. म्हणून तर गणपतीचे विसर्जन होते. हा फरक समजून घ्यायला संवाद लागला असता. घण आधी पोचला.

या गुंत्यातला विलक्षण माणूस म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमध्ये १५४९ च्या सुमारास जन्मला, त्याच काळात सहाव्या एडवर्डच्या राजवटीत तिथल्या चर्चमधून मूर्ती हटवल्या जात होत्या. १५७९ मध्ये तो गोव्यात आला आणि देवळे पडलेल्या त्याच सालसेतमध्ये वावरला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले, तेही मराठी ओवीत. मूर्तिपूजा त्याला मान्य नव्हती, पण पुराणाचा साचा त्याने आपलासा केला.

ऑक्टोबर १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात हिंदू धर्माचा आदराने उल्लेख केला आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे जाहीर केले. सालसेतच्या १५६७ पासून मोजले, तर तिथवर यायला ३९८ वर्षे लागली.