भूगोलवाल्यांची नोकरी कुठल्या पाटीखाली असते?

पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढू लागलं की सांगलीत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : ‘आयर्विनला किती फूट?’ आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि ज्यांच्या दारात कधी पाणी आलं नव्हतं, त्यांनाही घरं सोडावी लागली.

शाळेच्या भूगोलात कृष्णा चार ओळींत आटोपते. उगम महाबळेश्वरला, उपनद्या अमुक, खोरं तमुक, शेवट बंगालच्या उपसागरात. पाठ करा, गुण घ्या. विद्यापीठातला भूगोल तिथून पुढे सुरू होतो. पाऊस कोसळला घाटमाथ्यावर, महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात. मग पाणी सांगलीत का साचलं? आणि साचलं तर या गल्लीत का शिरलं, पलीकडच्या गल्लीत का नाही?

उत्तर एका वाक्यात मिळत नाही. घाटातून तीव्र उतारावरून येणारी नदी सांगलीच्या परिसरात सपाटीला लागते आणि मंदावते. शहराला लागूनच, हरिपूरला वारणा येऊन मिळते. तीही भरलेली असली की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही. आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. धरणांतून पाणी कधी आणि किती सोडलं, हा हिशेब वेगळा. त्यात नदीकाठच्या पूरमैदानात झालेली बांधकामं आणि बुजवलेले ओढे. पाऊस हा हवामानशास्त्राचा भाग, उतार भूरूपशास्त्राचा, वस्ती नागरी भूगोलाची, धरणाचे निर्णय प्रशासनाचे. हे सगळं एका नकाशावर मांडून ‘इथेच का?’ याचं उत्तर शोधणं हे भूगोलाचं काम.

हे काम करणाऱ्याला नोकरी मिळते का? मिळते. मात्र ‘पाहिजे : भूगोलतज्ज्ञ’ अशी जाहिरात शोधत बसलात तर महाराष्ट्रात ती क्वचितच सापडेल. डॉक्टरच्या दारावर डॉक्टरची पाटी असते, वकिलाच्या दारावर वकिलाची. भूगोल शिकलेला माणूस काम करतो तो जीआयएस विश्लेषक, नियोजनकार, प्रकल्प समन्वयक, तहसीलदार, प्राध्यापक अशा दुसऱ्याच कुठल्या तरी पाटीखाली. बारावीनंतर हा विषय निवडणाऱ्यानं आणि त्याच्या आईवडिलांनी एवढं ध्यानात घेतलं, तर पुढची बरीच निराशा टळते.

पदवीत नेमकं काय शिकतात?

भूरूपशास्त्र, हवामान, लोकसंख्या, शेती, वसाहती, पर्यटन, आर्थिक भूगोल ही विषयांची यादी कुठल्याही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिसते. तिच्याहून महत्त्वाचं आहे प्रात्यक्षिक. भूगोलाच्या प्रयोगशाळेत टेबलावर स्थलदर्शक नकाशा पसरलेला असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पुण्याचा बराचसा भाग ४७ एफ/१४ या क्रमांकाच्या नकाशात येतो. त्यावरच्या तपकिरी समोच्चरेषा साधारणपणे २० मीटर उंचीच्या अंतराने असतात. रेषा दाटीवाटीनं आल्या की कडा, लांब लांब गेल्या की माळ. कागदावरच्या या रेषांतून डोंगराचा छेद काढायला शिकलेला विद्यार्थी पुढे प्रत्यक्ष डोंगर पाहतो तेव्हा त्याला ओहोळ कुठून कुठे जाईल हे आधीच कळतं.

गावात ‘माथा ते पायथा’ पाणलोटाची कामं होतात, तिथं याच ज्ञानाची कसोटी लागते. सलग समतल चर समोच्चरेषेवरच खणावा लागतो. तो रेषेवरून खाली घसरला की पाणी मुरायचं सोडून चरातून धावतं, आणि सखल टोकाला बांध फोडून मातीसकट निघून जातं. श्रमदानाची मेहनत एका पावसात वाया जाते.

याच्या जोडीला प्लेन टेबल, डंपी लेव्हल, जीपीएस यांनी केलेलं सर्वेक्षण, गावाची सामाजिक-आर्थिक पाहणी आणि अभ्याससहल. या तीन गोष्टी मनापासून करणारा आणि वरच्या वर्गाची जर्नल उतरवून काढणारा यांची गुणपत्रिका सारखी दिसू शकते. मुलाखतीत फरक कळतो.

मग येतं सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहचित्रांवरून जमिनीचा अभ्यास. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२मध्ये गेला, आपला आयआरएस-१ए १९८८मध्ये. आज युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रं साधारण पाच दिवसांनी कुणालाही फुकट मिळतात. पण पुराच्या वेळी ती कामाला येत नाहीत, कारण आभाळ ढगांनी भरलेलं असतं. अशा वेळी रडार उपग्रह लागतो. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. शांत पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यानं लहरी दुसऱ्याच दिशेला परावर्तित होतात, उपग्रहाकडे फारसं काही परतत नाही आणि चित्रात पाणी काळं दिसतं. ते काळं क्षेत्र गावांच्या हद्दींवर ठेवलं की कुठल्या गावाची किती जमीन बुडाली याचा पहिला अंदाज हाती येतो. तो गावात जाऊन पडताळावा लागतो, कारण रडारला डांबरी धावपट्टीही पाण्यासारखी दिसू शकते.

असे वेगवेगळे थर एकमेकांवर ठेवून प्रश्न सोडवण्याची पद्धत म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, जीआयएस. २०११मध्ये अहवाल देणाऱ्या माधव गाडगीळ समितीनं सबंध पश्चिम घाटाची पाच मिनिटं अक्षांश आणि पाच मिनिटं रेखांश अशा सुमारे २,२०० चौकटींत विभागणी केली आणि उंची, उतार, जंगल, जैवविविधता यांच्या आधारे प्रत्येक चौकटीची संवेदनशीलता ठरवली. शिफारशींवरून वाद झाला, आजही होतो. पण वाद कुठल्या चौकटीबद्दल आहे हे बोट ठेवून सांगता येतं, ते या पद्धतीमुळे.

दारं कुठली उघडी, कुठली बंद?

सर्वांत जुनी वाट शिक्षणाची. बी.एड. करून शाळा, एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि नेट-सेट करून महाविद्यालय. वाट ओळखीची आहे, पण भरतीची वाट पाहण्यात आणि तासिका तत्त्वावर शिकवण्यात वर्षं जातात, हे घरात कुणी शिक्षक असेल तर त्याला विचारावं.

दुसरी वाट स्पर्धा परीक्षांची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत १,७५० गुणांपैकी ५०० वैकल्पिक विषयाचे असतात आणि भूगोल हा त्यातला लोकप्रिय विषय. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता त्याच धर्तीवर वर्णनात्मक झाली आहे. भूगोलाचा उपयोग सामान्य अध्ययनातही होतो. तरीही जागा मोजक्या आणि उमेदवार लाखांत, म्हणून पदवीच्या काळातच दुसरं एक कौशल्य हाताशी असावं.

तिसरी वाट गेल्या काही वर्षांत रुंद झाली. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्रानं नकाशांवरचे निर्बंध सैल केले. भारतीय कंपन्यांना सर्वेक्षण करायला आणि नकाशे बनवायला पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. मालमत्ता कर, पीक विमा, घरपोच सेवा, दुकानाची जागा ठरवणं, पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांसाठी जमीन शोधणं, या सगळ्यात जीआयएस लागतं. सरकारी बाजूला नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८पासून हेच काम करत आहे.

या क्षेत्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. पहिली नोकरी बहुधा उपग्रहचित्रावर घरांच्या, रस्त्यांच्या, शेतांच्या कडा गिरवण्याची असते. दिवसभर तेच. सरकारी प्रकल्पांतली पदं अनेकदा करारावरची. गिरवण्याचं काम आता संगणक शिकतो आहे. त्यामुळे जो फक्त गिरवतो त्याची गरज कमी होणार, आणि गिरवलेलं बरोबर आहे का हे ज्याला कळतं त्याची वाढणार. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर मोफत आहे, डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत; त्यावर थोडं पायथन आणि संख्याशास्त्र शिकलं की गिरवणारा विश्लेषक होऊ शकतो.

चौथी वाट नियोजनाची. काही संस्थांत नगरनियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला भूगोलाचे एम.ए. झालेले विद्यार्थी घेतात. पाचवी ग्रामविकासाची. पाणलोट, सामूहिक वनहक्क, आपत्ती पूर्वतयारी यांवर काम करणाऱ्या संस्थांना नकाशा काढणारा आणि ग्रामसभेत बसून बोलू शकणारा असा एकच माणूस हवा असतो. सातबारा, गट नंबर, गाव नकाशा, पाणंद या गोष्टी ज्याला घरातूनच माहीत आहेत, तो मराठी माध्यमातला मुलगा किंवा मुलगी इथं मागे पडत नाही. शेताची हद्द उपग्रहाला दिसते, त्या हद्दीवरून चाललेलं भांडण दिसत नाही.

काही दारं मात्र नाव ऐकून उघडी वाटतात आणि तशी नसतात. भूमी अभिलेख विभागातल्या भूकरमापकासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा आयटीआयचा सर्वेक्षक अभ्यासक्रम मागतात. हवामान खात्याच्या वैज्ञानिक सहायकाला भौतिकशास्त्राचा किंवा संगणक-इलेक्ट्रॉनिक्सचा पाया लागतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेतल्या तांत्रिक पदांना प्रामुख्यानं भूशास्त्र हवं. ज्याला यातलं एखादं पद निश्चित हवं आहे, त्यानं बारावीतच जाहिरातीतली पात्रता वाचून विषय ठरवावा.

प्रवेशाआधी विचारायचे प्रश्न

महाराष्ट्रात पूररेषा दोन रंगांत आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. या दोन रेषांवर शेकडो इमारतींचं भवितव्य ठरतं. रेषा आखणं जलसंपदा विभागाच्या अभियंत्यांचं काम. पण रेषेच्या आत किती घरं आहेत, त्यात म्हातारी माणसं किती, बाहेर पडायचा रस्ता आधी बुडतो की घर, पूर ओसरल्यावर लोक तिथंच का परततात, हे कुणीतरी शोधावं लागतं. त्या माणसाला पावसाचे आकडेही वाचता यावे लागतात आणि चाळीतल्या आजीशी बोलताही यावं लागतं. आज ते काम कधी महापालिकेचा सल्लागार करतो, कधी स्वयंसेवी संस्था, कधी विद्यापीठाचा प्रकल्प.

हे काम शिकवणारं महाविद्यालय ओळखणं अवघड नाही. प्रवेशाच्या दिवशी तीन प्रश्न विचारावेत. जीआयएसच्या तासाला प्रत्येकाला संगणक मिळतो, की दोन यंत्रांभोवती वर्ग उभा राहतो? गेल्या वर्षी अभ्याससहल कुठे गेली आणि तिचा अहवाल दाखवता का? तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी कुठल्या गावाचं किंवा प्रभागाचं सर्वेक्षण केलं आणि ते त्या गावाला दिलं का? तिसऱ्या प्रश्नाला जिथं ‘हो, दिलं’ असं उत्तर मिळेल, तिथं प्रवेश घ्यावा. पाटी पुढे कुठलीही लागो, काम तिथं शिकवलं जातं.